गाबलूदाचं चांगलं नाव

आमच्या कलकत्त्यात माणसाला दोन नावं असतात. एक हाक मारायचं आणि एक चांगलं. हाक मारायचं नाव आत्या, मामी, शेजारीण, कुणीही ठेवतं, आणि ते ठेवताना हे बाळ पुढे मोठं होणार आहे, याचा विचार कुणी करत नाही. म्हणून हायकोर्टाचे न्यायमूर्ती घरी 'बुडो' असतात आणि मोठमोठ्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई माहेरी गेल्या की 'पुटी' होतात. चांगलं नाव शाळेच्या दाखल्यावर लिहितात, मग लग्नपत्रिकेवर छापतात, मग श्राद्धाच्या पत्रिकेवर. मधल्या काळात ते कुठे असतं, देव जाणे.

नकुड भंडारी लेनमधल्या गाबलूदाचं चांगलं नाव हिरण्मय तरफदार. जन्मला तेव्हा तो गोल गरगरीत होता, म्हणून समोरच्या घरातल्या नोनीपिशीने, म्हणजे नोनीआत्याने, त्याला गाबलू म्हटलं. आता पंचावन्नाव्या वर्षी तो इतका वाळला होता की धोतराची गाठ दिवसातून चारदा घट्ट करावी लागे. पण गाबलू तो गाबलूच राहिला. गल्लीतली मोठी माणसं त्याला गाबलू म्हणत, लहान माणसं गाबलूदा म्हणत. कचेरीत त्याला 'तरफदार' म्हणत. बायको मिनती त्याला 'अहो' म्हणे. नवऱ्याचं नाव घेणारी ती नव्हती. म्हणजे हिरण्मय म्हणून त्याला हाक मारणारं या जगात कुणीही उरलं नव्हतं.

आता हे तुमचं-आमचं असतं तर चाललं असतं. पण हिरण्मय तरफदार कवी होता. छोट्या-मोठ्या मासिकांत तीस वर्षं त्याच्या कविता येत होत्या. दोन पातळ पुस्तकं निघाली होती. वर्धमानला, कृष्णनगरला लोक त्याच्या कवितांवर वाद घालत. फक्त नकुड भंडारी लेनमध्ये या गोष्टीचा पत्ता कुणाला नव्हता. मासिकांची पत्रं, अंक, सगळं कचेरीच्या पत्त्यावर यायचं. मिनतीने एकदा नळावर सांगून पाहिलं होतं, की आमचे हे कविता लिहितात. त्यावर बायका म्हणाल्या, "अगं, कुणाचे लिहीत नाहीत?" इथे ज्याला सर्दी होते त्याला कविताही होते, तेव्हा बायकांचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

गल्लीत गाबलूदाची ख्याती वेगळीच होती. तो 'दैनिक भागीरथी'त जिल्ह्यांचं पान बघायचा. गावोगावचे वार्ताहर पोस्टकार्डावर बातम्या पाठवत आणि गाबलूदा त्या नीट लिहून छापायला देई. बाँकुड्यात दोन डोक्यांचं वासरू जन्मलं. मेदिनीपुरात एक ताडाचं झाड सकाळी आडवं होतं आणि संध्याकाळी उठून उभं राहतं. नदियात भोपळ्याच्या वेलीला शंख लागला. या बातम्या तो सकाळी ओट्यावर बसून रंगवून सांगायचा, आणि लोक पोट धरून हसायचे. खरं-खोटं त्यालाही माहीत नसे, पण सव्वीस वर्षं हे ऐकून गल्लीचं मत पक्कं झालं होतं. गाबलूदा माणूस सोन्यासारखा, पण पुड्या सोडतो.

माघातल्या एका सकाळी पोल्टू त्याच्याकडे आला. पोल्टू म्हणजे गल्लीतल्या अभियात्री संघाचा सेक्रेटरी. अंगाने आडवा, आवाजाने उभा. सरस्वतीपूजेनंतरच्या रविवारी संघाचा साहित्यमेळावा असे, आणि त्या दिवसांत पोल्टूला झोप, भूक, संसार यांपैकी काही सुचत नसे.

"गाबलूदा, काम आहे. नाही म्हणायचं नाही."

"मांडवाचे बांबू मी धरणार नाही. मागच्या वर्षी कंबर धरली होती."

"बांबू नाही रे. कवी हवाय." पोल्टूने खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. "हिरण्मय तरफदार. नाव ऐकलंयस?"

गाबलूदाच्या हातातला चहा हिंदकळून बशीत सांडला. स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या गल्लीत, दुसऱ्याच्या तोंडून हे नाव तो पहिल्यांदा ऐकत होता. त्याचे कान गरम झाले.

"ऐकल्यासारखं वाटतं," तो कसाबसा म्हणाला.

"वाटतं काय? पेपरात नोकरी करतोस ना? वर्धमानला त्यांना पुरस्कार मिळालाय. उत्तर कलकत्त्यात राहतात, असं लिहिलंय. म्हणजे इथेच कुठेतरी, आणि आपल्याला पत्ता नाही! आमच्या शर्बरीदीने तर त्यांची कविता पाठांतराच्या स्पर्धेला लावलीय. आता त्यांना आणून त्यांचा सत्कार केला की पलीकडच्या गल्लीवाल्यांची तोंडं बघ कशी होतात. गेल्या वर्षी त्यांनी जादूगार आणला होता ना? आणि गाबलूदा, आडनाव तुझंच आहे. लांबचा कुणी लागत असेल बघ."

"लांबचा नाही," गाबलूदा म्हणाला.

"जवळचा?"

"बराच जवळचा."

"मग झालं तर! तू आणणार म्हणजे आणणार. आणि हे बघ, त्यांना सांग, आमची गल्ली साधी दिसते, पण साहित्याची कदर आहे." एवढं बोलून पोल्टू गेलासुद्धा.

आतून मिनती पदराला हात पुसत बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"अहो, सांगून का नाही टाकलंत?"

"सांगितलं तर काय होईल, माहितेय? पोल्टू म्हणेल, 'अच्छा, तूच का तो! मग रविवारी चारला ये, आणि येताना दोन सतरंज्या घेऊन ये.' संपलं. मला तसं नकोय, मिनू. मी मांडवात पाऊल टाकावं, माईकवरून नाव पुकारावं, आणि गल्लीने माना वळवून बघावं. एकदा कुणीतरी मला माझ्या नावाने हाक मारावी, बस. तीस वर्षं मी त्या नावाने लिहितोय, आणि आतापर्यंत त्याला कुणी 'ये, बस' म्हटलेलं नाही."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण या माणसाला असं काही हवंय हे मिनतीला आजच कळत होतं. "मी म्हटलं असतं," ती म्हणाली, "पण माझ्या तोंडून ते नाव यायचं नाही. लाज वाटते."

"तू नको म्हणूस. तुझं 'अहो' बरं आहे."

मधल्या आठवड्यात गाबलूदाने दाढी दोनदा केली. मिनतीने तसर रेशमाचा झब्बा ट्रंकेतून काढून उन्हात टाकला. बुधवारी कचेरीतून येताना तो शर्बरीच्या घरावरून चालला होता. शर्बरी म्हणजे गल्लीतली पाठांतराची बाई. पहिल्या मजल्यावर तिचा वर्ग चाले, आणि तिथून रोज संध्याकाळी अकरा मुलं-मुली एका सुरात हुंदके देत असत. आज तिथून त्याचीच कविता येत होती. गाबलूदा जिना चढून दारात उभा राहिला.

कविता 'ओली चप्पल' नावाची होती.

दार वाजलं नाही, तरी उघडलं.
उंबऱ्यात एक ओली चप्पल होती,
पाय नव्हते.
मी आत हाक दिली: पाणी ठेवा.

कृष्णनगरच्या एका समीक्षकाने या चार ओळींत देशत्यागाचं दुःख शोधलं होतं. खरी गोष्ट अशी, की मासळीवाली एकदा घाईत एक चप्पल विसरून गेली होती. पण लिहिताना गाबलूदाला रडू आलं होतं हेही खरं, आणि का आलं ते त्याला कधी कळलं नाही.

"'पाणी'वर थांबायचं," शर्बरी मुलांना सांगत होती. "पा... आ... आ... मनात सात मोजायचे. मग आवाज फुटला पाहिजे. 'णी' ऐकू नाही आला तरी चालेल."

"शर्बरी," गाबलूदा दारातून म्हणाला, "ते साधं म्हणायचं असेल गं. घरी कुणी आलं की आपण आत वळून कसं म्हणतो, पाणी ठेवा, तसं."

शर्बरीने चष्मा खाली घेतला. "गाबलूदा, हे दोन डोक्यांचं वासरू नाही. कविता आहे. कवीच्या मनात काय होतं ते आपल्याला काय माहीत?"

"तेही खरंच," गाबलूदा म्हणाला आणि जिना उतरला.

रविवार उजाडला. मेळावा चारला होता. साडेतीनला गाबलूदा चुण्यांचं धोतर, तसरचा झब्बा आणि खांद्यावर पांढरी शाल अशा थाटात निघाला. मिनतीने मागून धावत येऊन त्याच्या डोक्यात माकडटोपी घातली, कारण गंगेवरून वारा सुटला होता आणि नवऱ्याचे कान हा तिचा जुना काळजीचा विषय होता. कोपऱ्यावर त्याने टोपी काढून हातात घेतली.

मांडवाच्या तोंडाशी पोल्टू घामाघूम उभा होता. आत तीनशे खुर्च्या भरल्या होत्या. पुढच्या दोन रांगांत पलीकडच्या गल्लीची माणसं पाय पसरून बसली होती, आणि काहीतरी फजिती बघायला मिळेल या आशेने वांग्याची भजी खात होती.

"कवी कुठेत?" पोल्टूने विचारलं.

"आलेत."

पोल्टूने त्याच्या मागे पाहिलं. मागे एक कुत्रं होतं. "कुठे?"

"इथे." गाबलूदाने शाल सारखी केली, छाती थोडी पुढे काढली. या क्षणाची त्याने आठवडाभर वाट पाहिली होती. "पोल्टू, हिरण्मय तरफदार म्हणजे मीच."

पोल्टूच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आश्चर्य नव्हतं. ती दया होती.

"आले नाहीत ना? नाही म्हणाले? गाबलूदा, सरळ सांग ना रे. आता वासरू नको, माझ्या पाया पड... नाही, मी तुझ्या पाया पडतो."

"अरे, खरंच मी आहे! चांगलं नाव आहे माझं ते."

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

कुणी विचारलं नव्हतं म्हणून, असं गाबलूदा म्हणाला असता, पण ते वासरापेक्षाही वाईट वाटलं असतं.

तेवढ्यात मिनती पोचली. "पोल्टू, ते खरं बोलतायत. वर्धमानहून टपालाने आलेलं मानपत्र घरी आहे, आणून दाखवते."

"बौदी, नातेवाईक आहेत म्हणाला होता ना हा? ठेवायला दिलं असेल."

"मग रेशनकार्ड आणते!"

"बौदी, इथे माझा जीव चाललाय आणि तू रेशनकार्ड काय काढतेस!"

शर्बरी मधे पडली. ती न्यायाने वागणारी बाई होती. "असं करू या. गाबलूदा, तुम्ही कवी असाल तर कविता म्हणून दाखवा. मला लगेच कळेल."

गाबलूदाने डोळे मिटले आणि म्हटली. जशी लिहिली होती तशी. शेवटची ओळ त्याने आत वळून स्वयंपाकघराकडे बघत म्हणावी तशी म्हटली. शर्बरीने मान वाकडी करून ऐकली आणि मग हळूच पोल्टूला म्हणाली, "तोंडपाठ आहे, पण भाव नाही. ज्याने हे लिहिलं त्याला असं कोरडं म्हणताच येणार नाही."

पंचावन्न वर्षांत गाबलूदाला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. त्याला घरी जावंसं वाटलं. माकडटोपी घालून, दोन्ही कान बंद करून, पांघरूण घेऊन पडावंसं वाटलं. तो वळलाही. पण पोल्टूने त्याचा दंड धरला. पोल्टूच्या डोक्यात एक कल्पना आली होती, आणि पोल्टूच्या डोक्यात कल्पना क्वचित येत असल्याने आली की तो ती सोडत नसे.

"गाबलूदा, तूच हो."

"काय?"

"कवी हो. कविता तुला पाठ आहे. झब्बा आहे, शाल आहे. बारीक आहेस, दुःखी दिसतोस. आणखी काय लागतं? पलीकडच्यांनी तुला कधी नीट पाहिलंय? आणि अध्यक्ष तर बराहनगरहून येणार आहेत, त्यांना दिसतच नाही. तासाभराचा प्रश्न आहे. आपल्या गल्लीला मी सांगून ठेवतो."

"मी माझंच सोंग घेऊ?"

"त्यांचं सोंग. तुझं कशाला घेतील लोक?"

मिनतीला हसू की रडू असं झालं. तिने पदर तोंडात धरला. गाबलूदा मात्र विचार करत होता. सोंग म्हणून का होईना, पण आज कुणीतरी माईकवरून त्या नावाने त्याला बोलावेल. खोटं म्हणून बोलावेल, पण नाव खरं असेल. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की तो तिचा भाव किती पाडून घेतो! "ठीक आहे," तो म्हणाला.

पुढच्या पाच मिनिटांत पोल्टूने रांगारांगांतून वाकून, मागे बसलेल्या आपल्या गल्लीवाल्यांच्या कानात कुजबुज केली. कवी आले नाहीत, गाबलूदा कवी होणार आहे, कुणी हसायचं नाही, कुणी नाव घ्यायचं नाही. नोनीपिशीला त्याने तीनदा सांगितलं. ती ब्याण्णव वर्षांची होती आणि तिसऱ्या वेळेस म्हणाली, "कळलं रे मेल्या. नाटक आहे ना? गाबलू लहानपणीही बरं करायचा. एकदा वाघ झाला होता."

टॅक्सीतून अध्यक्ष उतरले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पाठीने ताठ, डोळ्यांवर जाड काळा चष्मा, दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी धरलेले. पोल्टूने माईकवर सांगितलं, "आजचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक श्री सुधन्य सान्याल!" आणि व्यासपीठावर बसलेल्या गाबलूदाच्या उजव्या तळहाताला एकदम मुंग्या आल्या. हे त्याचेच मास्तरमशाय होते. आठवीत त्यांनी याच हातावर छडी ओढली होती, गणिताच्या वहीत मागून कविता लिहिल्याबद्दल. गाबलूदा हात जोडून उभा राहिला. मास्तरमशाय त्याच्याकडे न बघता शेजारच्या खुर्चीत बसले. बघणार तरी कसे?

कार्यक्रम सुरू झाला. अकरा मुलांनी अकरा वेळा पाणी ठेवलं. पलीकडच्या गल्लीतल्या दोन बायका रडल्या. मग सत्काराची वेळ आली. पोल्टूने माईक हातात घेतला. तो आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर खोटं बोलत होता.

"आता आपण सत्कार करू या, ज्यांच्या येण्याने ही गल्ली पावन झाली, त्या थोर कवींचा, श्री गाब..." तो थांबला. मागच्या रांगांत खसखस पिकली. "श्री... श्री माननीय कवींचा!" त्यानंतर नाव घ्यायची त्याची छातीच झाली नाही. हार घालताना 'माननीय', शाल देताना 'थोर', खजुराच्या नव्या, नोलेन गुळाच्या संदेश मिठाईचं खोकं देताना 'आपणा सर्वांचे लाडके'. गाबलूदा प्रत्येक वेळी कान टवकारायचा आणि प्रत्येक वेळी नाव तेवढं गळायचं.

"टोपी घाल रे, पडसं होईल," तिसऱ्या रांगेतून नोनीपिशी ओरडली, आणि शेजारणीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

आता गाबलूदा घामाने ओला झाला होता. पोल्टू वाकून त्याच्या कानाशी लागला. "छान चाललंय. दुःखी चेहरा एकदम झकास. म्हाताऱ्याला घाबरू नकोस, त्याला दिसत नाही. खरा कवी आलाच नाही, हे त्याला जन्मात कळायचं नाही."

गाबलूदाच्या पलीकडे मास्तरमशायांची मान किंचित कलली.

अध्यक्षीय भाषणासाठी त्यांना माईकपाशी नेलं. त्यांनी माईकवर बोटाने टकटक केली. तीनशे माणसं शाळेतल्यासारखी गप्प झाली.

"मला डोळ्यांनी दिसत नाही," ते म्हणाले, "पण कान देवाने शाबूत ठेवलेत. आत्ताच माझ्या कानावर आलं, की खरा कवी आलेला नाही, आणि या खुर्चीत बसवलाय तो बदली माणूस आहे."

पोल्टू व्यासपीठावरच्या पडद्यामागे सरकला. पुढच्या दोन रांगा ताठ बसल्या. त्यांच्या हातातली भजी हातातच राहिली.

"मी छत्तीस वर्षं हजेरी घेतली. एकाच्या नावाला दुसऱ्याने ओ द्यायची, ही कला मला पोरांनी पुष्कळ शिकवली. बदली कशी ओळखायची ते मला ठाऊक आहे. आता सगळ्यांनी गप्प बसायचं." त्यांनी मान वर केली आणि वर्गात पुकारावं तसं पुकारलं, "हिरण्मय तरफदार!"

चार कर्ण्यांमधून ते नाव मांडवभर झालं, बाहेर गल्लीत गेलं आणि समोरच्या भिंतीवर आपटून परत आलं.

व्यासपीठावर कुणीच हललं नाही. गाबलूदा मान वळवून मांडवाच्या दाराकडे बघत होता. कुणाला पुकारतायत, कोण आलंय, ते त्याला बघायचं होतं. तो बघतोय म्हणून सगळी गल्लीही दाराकडे बघायला लागली.

"हिरण्मय तरफदार!" मास्तरमशायांनी पुन्हा पुकारलं.

"अरे, तू! तू!" पोल्टू पडद्यामागून दातओठ खात म्हणाला. "ओ दे ना! मेलो मी!"

मास्तरमशाय हसायला लागले. म्हातारा माणूस हसला की सगळं अंग हलतं, तसे ते हलले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्या आठवीच्या हजेरीपटावर हे नाव होतं. मुलगा बहिरा नव्हता, बुद्धूही नव्हता, पण दोनदा पुकारलं तरी खिडकीबाहेर बघत बसायचा. घरी त्याला भलतंच काहीतरी म्हणत असणार. स्वतःचं चांगलं नाव त्याला ओळखूच यायचं नाही. वर्षभर रोज हे चाललं. आता मला सांगा, बदली माणूस असता तर? तो नाव घोकून बसलेला असतो. पहिल्या हाकेला टुणकन उठला असता. हा उठला नाही. तुम्ही काय समजायचं ते समजा, सेक्रेटरीबाबू, पण तुम्ही पकडून आणलाय तो खराच आहे."

पोल्टू पडद्यातून अर्धा बाहेर आला होता आणि त्याचं तोंड उघडंच होतं. शर्बरीचा हात सावकाश कपाळाला गेला. मिनती मागच्या रांगेत उभी राहिली.

"म्हणजे आपला गाबलू?" नोनीपिशीचा आवाज आला, आणि या वेळी तिच्या तोंडावर कुणी हात ठेवला नाही.

मास्तरमशायांनी हात वर केला. "हजेरी अजून संपलेली नाही." मग आवाज थोडा खाली आणून, जसा ते फक्त त्या एका मुलासाठी आणत, त्यांनी तिसऱ्यांदा पुकारलं, "हिरण्मय तरफदार."

गाबलूदा उभा राहिला. हार वाकडा, एका हातात माकडटोपी, दुसऱ्या हातात संदेशांचं खोकं. तीनशे माणसं त्याच्याकडे बघत होती आणि त्याला त्यातलं एकही दिसत नव्हतं, कारण डोळे भरून आले होते.

"हजर, सर," तो म्हणाला.

"नेहमीसारखा उशीर. बस खाली."

गाबलूदा बसला. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या मागच्या रांगांतून, गल्लीतून सुरू झाल्या आणि पलीकडच्यांनाही वाजवाव्या लागल्या. शेवटी पोल्टू चहाचं मातीचं भांडं दोन्ही हातांत धरून, चोरासारखा पावलं टाकत पुढे आला. त्याने घसा खाकरला, मान खाली घातली आणि फार मोठ्या मनाने म्हणाला, "हिरण्मयदा, चहा घेणार?"

गाबलूदाने मागे वळून पाहिलं, कुणाला विचारतोय ते.